विंडोज सर्व्हर आणि उबुंटू यांच्यात फाइल शेअरिंग: सांबा बसवण्यापासून मराठी फाइलनावांपर्यंत

एका मध्यम छापखान्याचं उदाहरण घेऊ. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हर २०१९ वर चालतं. आर्टवर्क आणि पीडीएफ ठेवायला मोठ्या डिस्कांचा एक उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आहे. डीटीपीच्या टेबलांवर सात-आठ विंडोज ११ ची यंत्रं. गरजा दोनच आहेत. डीटीपीवाल्यांना उबुंटूवरचं फोल्डर आपल्या यंत्रातल्या ड्राइव्हसारखं दिसायला हवं. आणि विंडोज सर्व्हरवर रोज रात्री तयार होणारा हिशेबाचा बॅकअप उबुंटूने आपला आपण उचलून घ्यायला हवा. सीएचं ऑफिस असो, शाळा असो की लहान हॉस्पिटल, मांडणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा, पाथ आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची. लिनक्समध्ये सगळी अक्षरं लहान.

एसएमबी की एनएफएस?

दोन्ही नेटवर्कवरून फाइल शेअर करायचे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धती. एनएफएस हा सन मायक्रोसिस्टिम्सचा, १९८४ चा, युनिक्सच्या घरातला. एसएमबी आयबीएममध्ये जन्मला आणि मायक्रोसॉफ्टने वाढवला. १९९२ मध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल याने युनिक्सवर एसएमबी बोलणारा सर्व्हर लिहिला. तोच पुढे सांबा झाला.

माझं मत स्पष्ट आहे: ताफ्यात एकही विंडोज यंत्र असेल तर सगळीकडे एसएमबीच वापरा. विंडोजवर एनएफएस क्लायंट बसवता येतो, पण त्यात युजर कोण हे ठरतं नुसत्या युआयडी-जीआयडी (युजर आणि गटाच्या) आकड्यांवरून, आणि विंडोजला त्या आकड्यांचं काही सोयरसुतक नसतं. ते जुळवण्यात जो वेळ जातो त्यात सांबा दोनदा बसवून होतो. लिनक्स ते लिनक्स असेल तर एनएफएस उत्तमच. मात्र एकच फोल्डर सांबा आणि एनएफएस दोन्हींतून लिहिण्यासाठी उघडं ठेवू नका. दोघांची फाइल-लॉकची पद्धत वेगळी आहे. एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याने बदलली, हे दोघांनाही वेळेवर कळेलच असं नाही.

एसएमबीची पहिली आवृत्ती, एसएमबी१, हात न लावता सोडून द्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. सांबानेही ४.११ पासून एसएमबी१ मुळातच बंद ठेवलं आहे. एखादा जुना स्कॅनर किंवा झेरॉक्स यंत्र फक्त एसएमबी१ वरच फाइल टाकत असेल, तर त्याच्यासाठी सगळा सर्व्हर उघडा टाकण्यापेक्षा त्याला एफटीपी किंवा ईमेलचा पर्याय आहे का ते आधी पाहा.

हात लावण्यापूर्वी

दोन्ही सर्व्हरांना पक्के आयपी द्या. समजा विंडोजचं नाव हिशेब आणि आयपी १९२.१६८.१.१०; उबुंटूचं नाव भांडार आणि आयपी १९२.१६८.१.२०. यंत्राचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा, कारण यंत्रांना नावं देण्याच्या जुन्या पद्धतीची, नेटबायोसची, मर्यादा तेवढीच आहे. दोन्हींची घड्याळं एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरवरून चालू द्या. पुढेमागे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या युजरांची विंडोजची मध्यवर्ती नोंद) आली तर तिची ओळख पटवण्याची पद्धत, केर्बेरॉस, पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही.

मग कागद-पेन घ्या. कोणत्या फोल्डरमध्ये कोण लिहिणार, कोण फक्त वाचणार आणि कोणाला ते दिसताच कामा नये, याचा तक्ता मालकाला समोर बसवून करा. शेअरिंगची निम्मी भांडणं इथेच मिटतात. परवानगी कधीही माणसाच्या नावावर देऊ नका, गटाच्या नावावर द्या. माणसं सोडून जातात, गट राहतो.

उबुंटूवर सांबा

बसवणं एका ओळीचं आहे: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल सांबा’. त्यानंतर क्रम असा ठेवा: गट, फोल्डर, युजर, शेअर.

डीटीपी नावाचा गट ‘ग्रुपॲड’ने करा. /एसआरव्ही/डीटीपी हे फोल्डर बनवा, त्याची मालकी रूटकडे (लिनक्सच्या मुख्य युजरकडे) आणि गट डीटीपी ठेवा, आणि ‘सीएचमॉड २७७०’ लावा. सुरुवातीचा हा २ महत्त्वाचा आहे. त्याला सेटजीआयडी म्हणतात. तो असला की आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलचा गट आपोआप डीटीपी होतो. तो विसरलात तर एका ऑपरेटरने बनवलेली फाइल दुसऱ्याला सेव्ह करता न येण्याची पाळी येऊ शकते. आणि हे नेमकं अंक छापायला जायच्या आदल्या रात्री कळतं.

युजर बनवताना त्याला लिनक्समध्ये लॉगिनची गरज नसते, म्हणून शेल ‘नोलॉगिन’ द्या आणि त्याला डीटीपी गटात घाला. मग ‘सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ आणि पुढे युजरचं नाव देऊन सांबाचा पासवर्ड ठरवा. इथे बरेच जण अडतात: लिनक्समध्ये पासवर्ड आहे, मग हा वेगळा कशाला? लिनक्स आपल्या पासवर्डचा जो हॅश (पासवर्डवरून काढलेली सांकेतिक खूण) ठेवतो तो विंडोजच्या ओळख पटवण्याच्या एनटीएलएम पद्धतीला चालत नाही. एका हॅशवरून दुसरा काढताही येत नाही. म्हणून सांबा आपली स्वतंत्र वही ठेवतो. त्या वहीत कोण कोण आहे ते ‘पीडीबीएडिट -एल’ने दिसतं (इथला एल मात्र मोठा).

आता /ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ या फाइलची एक प्रत काढून ठेवा आणि शेवटी हे जोडा:

[डीटीपी]
पाथ = /एसआरव्ही/डीटीपी
रीड ओन्ली = नो
व्हॅलिड युजर्स = @डीटीपी
फोर्स ग्रुप = डीटीपी
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

त्याच फाइलच्या वरच्या ग्लोबल भागात उबुंटूने ‘मॅप टू गेस्ट = बॅड युजर’ अशी ओळ आधीच घातलेली असते. ती ‘नेव्हर’ करा. नाहीतर युजरचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं तरी सांबा त्या माणसाला गुपचूप पाहुणा म्हणून आत घेतो आणि मग फोल्डरच्या दारात अडवतो. चूक नावात असते आणि तुम्ही तासभर परवानग्या शोधत बसता.

‘टेस्टपार्म’ चालवा. सेटिंगच्या नावात चूक असली तर ते सांगतं. मग ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी’. उबुंटूऐवजी रॉकी किंवा रेड हॅट लिनक्स असेल तर सेवेचं नाव नुसतं ‘एसएमबी’ असतं. फायरवॉलमध्ये उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू अलाऊ सांबा’ पुरतं. मुख्य पोर्ट टीसीपी ४४५ आहे, आणि ते इंटरनेटच्या बाजूने कधीही उघडायचं नाही. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन.

रॉकीवाल्यांनी एक पायरी जास्त करायची आहे. तिथे एसईलिनक्स हा जादा सुरक्षा-पहारा चालू असतो आणि फोल्डरवर ‘सांबा_शेअर_टी’ हा शिक्का नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने शिक्का नोंदवा, ‘रिस्टोरकॉन -आर’ने लावा (हाही आर मोठा). नेटवर सर्रास ‘एसईलिनक्स बंद करा’ असा सल्ला सापडतो. तो ऐकू नका. काम दोन ओळींचं आहे.

तपासणी आतून बाहेर करा. आधी उबुंटूवरच ‘एसएमबीक्लायंट //लोकलहोस्ट/डीटीपी -यू’ आणि पुढे युजरचं नाव (यू मोठा). इथे आत जाता आलं, एखादी फाइल टाकता आली, म्हणजे सांबा, पासवर्ड आणि परवानग्या ठीक आहेत. यापुढे अडलं तर दोष नेटवर्कचा किंवा विंडोजचा. हा क्रम पाळला की अंधारात चाचपडणं थांबतं.

विंडोजकडून जोडणी

फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये भांडार दिसत नाही म्हणून घाबरू नका. यंत्रांची ती जुनी यादी एसएमबी१ बरोबरच गेली. यादीत दिसायलाच हवं असेल तर उबुंटूवर ‘डब्ल्यूएसडीडी’ ही सेवा बसवा. पण त्यावाचून काही अडत नाही. ॲड्रेस बारमध्ये \\भांडार\डीटीपी असं थेट लिहा, किंवा ड्राइव्ह म्हणून जोडायला: ‘नेट यूज झेड: \\भांडार\डीटीपी /युजर:भांडार\सुनीता’. युजरच्या आधी सर्व्हरचं नाव मुद्दाम लावलं आहे. ते नसेल तर विंडोज कधी कधी स्वतःच्याच यंत्राचं नाव चिकटवून पाठवतं.

त्रुटीचा आकडा नीट वाचा, तो खोटं बोलत नाही. ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंतच पोहोचला नाहीत: नाव, आयपी किंवा पोर्ट. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन भांडार -पोर्ट ४४५’ करून बघा. ६७ म्हणजे सर्व्हर सापडला, त्या नावाचं शेअर नाही. ८६ किंवा १३२६ म्हणजे नाव-पासवर्डाची गडबड. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. आणि १२१९ हा सगळ्यांत फसवा. एकाच सर्व्हरला एकाच विंडोज सत्रातून दोन वेगळ्या युजरांच्या नावाने जोडता येत नाही. सकाळी कोणीतरी दुसऱ्या नावाने आत गेलेलं असतं, ती जोडणी जिवंत असते. ‘नेट यूज * /डिलीट’ करा, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड असेल तो काढा, पुन्हा जोडा.

विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटनंतर पुष्कळ ऑफिसांतली जुनी शेअर एका रात्रीत बंद पडली. कारण असं की तेव्हापासून विंडोज डिजिटल सही असलेलीच एसएमबी जोडणी मागतं, आणि पासवर्ड नसलेल्या पाहुण्याला सही करता येत नाही. उपाय म्हणून विंडोजमधली ती अट काढून टाकण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाला नाव-पासवर्ड दिला असेल तर तुम्हाला काहीच करावं लागत नाही. सांबा सही करतो.

जोडणी झाल्यावर उबुंटूवर ‘एसएमबीस्टेटस’ पाहा. कोण, कोणत्या यंत्रावरून आणि कोणत्या आवृत्तीने जोडलं आहे ते दिसतं. विंडोज ११ समोर ३.१.१ दिसायला हवं.

उलटी दिशा: विंडोजचं फोल्डर उबुंटूवर

विंडोज सर्व्हरवर या कामापुरता वेगळा युजर बनवा, उदाहरणार्थ ‘बॅकअपवाचक’. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लिनक्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवणं हा शुद्ध आळस आहे. मग बॅकअपचं फोल्डर शेअर करा.

विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात, शेअरचा आणि एनटीएफएसचा, म्हणजे डिस्कवरच्या फाइलप्रणालीचा. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीची कडी यांच्यासारखं हे आहे: दोन्ही उघडल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि ज्याची परवानगी कमी तिचंच चालतं. दोन्ही थरांवर बारीकसारीक नियम लिहिले की सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही. म्हणून शेअरच्या थरावर ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ना मोकळीक द्या आणि खरं नियंत्रण एनटीएफएसवर ठेवा. बॅकअपवाचकाला तिथे फक्त वाचायची परवानगी.

उबुंटूवर विंडोजचं शेअर जोडायला ‘सीआयएफएस-यूटिल्स’ बसवा. युजरनेम आणि पासवर्ड अशा दोन ओळींची एक फाइल /ईटीसीमध्ये करा आणि तिला ‘सीएचमॉड ६००’ लावा. पासवर्ड थेट एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क किंवा शेअर कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिला तर तो सर्व्हरवरच्या कोणालाही वाचता येतो. मग एफएसटॅबमध्ये ओळ: आधी //हिशेब/बॅकअप, नंतर /एमएनटी/हिशेब, प्रकार सीआयएफएस, आणि पर्यायांत क्रेडेन्शियल्सचा, म्हणजे वरच्या पासवर्डच्या फाइलचा पाथ, यूआयडी, जीआयडी, ‘_नेटडेव्ह’, ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’. नोफेल नसेल आणि विंडोज सर्व्हर बंद असेल, तर उबुंटू सुरू होतानाच अडकून बसू शकतो. शेअरच्या नावात मोकळी जागा असेल तर एफएसटॅबमध्ये तिच्या ठिकाणी \०४० लिहावं लागतं.

अशा जोडणीवर, म्हणजे माउंटवर, सीएचमॉड, सीएचओन करून काही होत नाही. सगळा व्यवहार बॅकअपवाचकाच्याच नावाने चालतो आणि फाइलचा मालक म्हणून दिसतो तो एफएसटॅबमध्ये दिलेला.

माउंट होत नसेल तर इथेही आकडे बोलतात. १३ म्हणजे नाव-पासवर्ड किंवा परवानगी, २ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ११२ म्हणजे ‘होस्ट इज डाउन’ असं दिसतं, पण पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि दोन बाजूंची एसएमबी आवृत्ती जुळत नसते. नक्की काय ते ‘डीमेसेज’च्या (टाइप करताना डीएमईएसजी) शेवटच्या ओळींत सापडतं.

आणखी एक काळजी. माउंट तुटलेलं असताना त्या पाथवर लिहिणारी एखादी स्क्रिप्ट चालली, तर ती रिकाम्या /एमएनटी/हिशेब फोल्डरमध्ये, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या डिस्कवर लिहीत सुटते आणि एक दिवस रूट डिस्क भरते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ने तपासा. शिवाय माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲटर +आय’ लावून ठेवा. मग माउंट नसताना त्यात काही लिहिताच येत नाही, रूटलासुद्धा.

फाइलींची नावं, विशेषतः मराठी

विंडोजच्या फाइलनावात विसर्गचिन्हासारखा कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन, उलटी तिरकी रेघ, उभी रेघ, दुहेरी अवतरण आणि कोनी कंस चालत नाहीत. लिनक्सला हे सगळं चालतं. म्हणून लिनक्सच्या स्क्रिप्टने ‘१०:३०’ अशी वेळ घालून बनवलेली फाइल विंडोजवर काहीतरी तोडकंमोडकं, ~ असलेलं नाव घेऊन दिसते. वेळ लिहायची तर १०-३० अशी लिहा. लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही लिनक्स मानतो, विंडोज मानत नाही. फक्त तेवढ्याच फरकाच्या दोन फायली एका फोल्डरमध्ये असतील तर विंडोजवरून त्यांतली एकच नीट उघडते.

हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मराठी नावांची गंमत मात्र क्वचितच.

लिनक्सची ईएक्सटी४ फाइलप्रणाली एका नावाला २५५ बाइट देते. विंडोजची एनटीएफएस २५५ चिन्हं देते. इंग्रजीत दोन्ही सारखंच. पण यूटीएफ-८ मध्ये (लिनक्स नावं साठवतं त्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, पायमोडीचं चिन्ह ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण त्यात १० चिन्हं आहेत आणि ते ३० बाइट खातं. म्हणजे ईएक्सटी४ वर मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हं मिळतात. ‘दिवाळी अंक मुखपृष्ठ अंतिम दुरुस्तीसह संपादकांनी पाहिलेलं नवीन खरोखर अंतिम’ या धाटणीची, याहून थोडी लांब नावं विंडोजवर आनंदाने नांदतात आणि उबुंटूवर कॉपी करताना नेमक्या त्याच फायली मागे राहतात. एक्सप्लोरर ‘नाव फार लांब’ म्हणतो, डीटीपीवाला म्हणतो लांब कुठे आहे.

दुसरी अडचण ‘ऱ्य’ची. ‘दऱ्याखोऱ्या’ हे नाव तीन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं. नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) र हे एकच चिन्ह म्हणून. साधा र आणि त्यापुढे वेगळा नुक्ता म्हणून. किंवा र, पायमोडीचं चिन्ह आणि एक न दिसणारं जोडचिन्ह म्हणून. कीबोर्डावर अवलंबून आहे. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, सर्व्हरच्या लेखी त्या तीन वेगळ्या फायली. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या फायलींत दुसरा प्रकार हमखास सापडतो, कारण ती डिस्क नावं सुटी करूनच ठेवते. एकाच फोल्डरात ‘एकाच नावाच्या’ दोन फायली दिसल्या तर ‘एलएस’चं उत्तर ‘हेक्सडंप’मधून पाहा, बाइट वेगळे दिसतील. पहिले दोन प्रकार एक करायला ‘कॉनव्हएमव्ही’ला यूटीएफ-८ ते यूटीएफ-८ आणि ‘--एनएफसी’ सांगा. तो आधी नुसती यादी दाखवतो, ‘--नोटेस्ट’ दिल्यावरच खरोखर नावं बदलतो. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचं मात्र त्याच्याने होत नाही, ते हातानेच.

जुना माल हलवताना

विंडोजवरचं जुनं आर्टवर्क भांडारवर न्यायला ‘रोबोकॉपी’ वापरा, ओढून सोडू नका. ‘/ई’ने रिकामी फोल्डरंही जातात. ‘/आर:१ /डब्ल्यू:१’ जरूर द्या. न दिल्यास एखादी फाइल अडली की रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हा मायक्रोसॉफ्टचा मूळ ठराव आहे, अतिशयोक्ती नाही. ‘/लॉग’ने नोंद ठेवा आणि मागे राहिलेल्या फायली त्यातून काढा. लांब मराठी नावं तिथेच भेटतील. ‘/मिर’ वापरायचा असेल तर आधी ‘/एल’ लावून नुसतं काय होणार ते बघा. तो मुक्कामाच्या ठिकाणी जास्तीचं जे काही असेल ते पुसून टाकतो.

पुसलेल्या फायली

नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. डीटीपीच्या लोकांना हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्यांच्यावर विसंबून न राहता शेअरच्या भागात ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रिसायकल’ लावा. त्याखाली ‘रिसायकल:रिपॉझिटरी = .रिसायकल/%यू’ (यू मोठा), ‘रिसायकल:कीपट्री = येस’ आणि ‘रिसायकल:व्हर्जन्स = येस’. आता प्रत्येकाचा पुसलेला माल त्याच्या नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, मूळच्या रचनेसकट साठत राहतो. हा बॅकअप नव्हे. एका यंत्रात रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला तर त्या माणसाला लिहिता येतं ते सगळं तोही लिहू शकतो. म्हणून भांडारची रोजची प्रत अशा जागी न्या, जी कोणत्याही विंडोज यंत्राला जोडलेली नाही.

.रिसायकल फुगत जातं, तेव्हा तीस दिवसांपूर्वीचं पुसायला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत) ‘फाइंड’ आणि ‘-एमटाइम +३०’ लावतात. पण फाइल पुसली म्हणून तिची बदलल्याची तारीख काही बदलत नाही. गेल्या वर्षी शेवटची सेव्ह केलेली आणि आज दुपारी चुकून पुसलेली फाइल आज रात्रीच कायमची जाईल. त्यासाठी ‘रिसायकल:टच_एमटाइम = येस’ ही ओळ आधी घाला, क्रॉन त्यानंतर.